रविवारच्या वर्गातला एकच विद्यार्थी

गोकुळ शेजूळने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. पदवीच्या पहिल्या वर्षाचा फॉर्म भरला तेव्हा अडतीस. मधली सगळी वर्षं चिकलठाण्यात गेली, गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात. मशीन बंद पडलं की गोकुळला हाक जायची. मशीन चालू असलं की त्याची आठवण कुणाला होत नसे.

गाव गंगापूर तालुक्यातलं. वडील बद्रीनाथ लवकर गेले. दोन बहिणींची लग्नं होईपर्यंत गोकुळने स्वतःचं लग्न लांबणीवर टाकलं आणि मग ते लांबच राहिलं. पाहुणे यायचे, पोहे खायचे, विचारायचे, "शिक्षन काय?" तो म्हणायचा, "डिप्लोमा." कुणीतरी सोबतच्याला हळूच सांगायचं, "म्हंजे बारावीच धरायची." पस्तिशीनंतर पाहुणे यायचे बंद झाले. त्यानंतर एकदा त्याची आई वच्छलाबाई मुकुंदवाडीच्या त्याच्या खोलीवर राहायला आली. सात महिने राहिली आणि एक दिवस पिशवी भरून बसली. "गोकुळ, इथं बोलायला मानूस नाय रं. समद्यांची दारं लागलेली. तू कामाला गेला की मी निस्ती भिंतीकडं बघत बसती." तो तिला मोठ्या भावाकडे गावी सोडून आला. परत आल्यावर त्यालाही तेच वाटलं, फक्त सांगायला समोर कुणी नव्हतं.

मेंटेनन्सचे शिफ्ट इन्चार्ज रिटायर झाले ते त्याच वर्षी. शेवटची दोन वर्षं त्यांचं बरंच काम गोकुळच करायचा. कुणाला कोणत्या पाळीला टाकायचं, कोण कोणाबरोबर नीट काम करतो, कुणाला एकत्र टाकलं की भांडणं होतात, हे त्याला पाठ होतं. त्याने अर्ज केला. ऑफिसमधल्या माणसाने अर्ज वाचला आणि परत त्याच्या पुढ्यात ठेवला.

"शेजूळ, तुमची पदविका आहे. इथं पदवी लिहिलंय."

"एकोणीस वर्षं काम केलंय साहेब."

"ते खरं आहे. पण कागदावर पदवी लिहिलंय."

त्या जागेवर केयूर आला. पंचवीस वर्षांचा, इंजिनिअर, समर्थनगरातला. मुलगा सरळ होता. पहिल्याच आठवड्यात गोकुळकडे येऊन म्हणाला, "गोकुळभाऊ, शिफ्टचा तक्ता मला जमत नाहीये. तुम्ही करून देता का?" गोकुळने करून दिला. केयूरने खाली सही केली. मग दर आठवड्याला तसंच होऊ लागलं.

काही महिन्यांनी केयूरच म्हणाला, "तुम्ही डिग्री का करत नाही? आपल्या प्लॅनिंग खात्याला कुठलीही पदवी चालते. बीबीए करा. नोकरी सोडायची गरज नाही, मुक्त विद्यापीठातून होतं. रविवारी वर्ग असतात."

"मशीनवाल्याने बीबीए करून काय करायचं?"

"तुम्ही मशीन दुरुस्त करता ते ठीक आहे," केयूर म्हणाला, "पण खरं तुम्हाला माणसं कळतात. हा विषय तोच आहे."

असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्याने फॉर्म भरला.

अभ्यासकेंद्र शहरातल्या एका जुन्या कॉलेजात होतं. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, दहा ते एक. यादीत त्रेचाळीस नावं होती. पहिल्या रविवारी चौदा जण आले, दुसऱ्या रविवारी सहा. गोकुळ सोडला तर सगळी वीस-बावीसची पोरं. ती त्याला "सर" म्हणायची आणि त्याच्या बाकावर बसायची नाहीत. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी तो जिना चढून वर आला तर वर्गात कुणीच नव्हतं. शिपाई कचरू दाराशी रजिस्टर घेऊन उभा होता.

"पाचाच्या खाली असले तर तास धरत नाहीत, मानधन पन मिळत नाय," कचरू म्हणाला. "सही करा न् जा. मॅडम पन जातीन आता."

मॅडम म्हणजे कालिंदी देऊळगावकर. पासष्टी उलटलेल्या, कॉलेजातून रिटायर झालेल्या. त्या जिन्यावरून दम घेत वर आल्या, पर्समधून स्वतःचे खडू काढले आणि रिकाम्या वर्गाकडे पाहिलं.

"शेजूळ, तुम्ही किती वाजता निघालात घरून?"

"नऊला, मॅडम."

"मग बसा."

कचरू म्हणाला, "मॅडम, हा तास धरनार नाहीत बरं का."

"नका धरू," त्या म्हणाल्या आणि फळा पुसायला लागल्या.

त्या दिवसापासून दीड वर्ष ते दोघंच होते. त्या उभ्या राहूनच शिकवायच्या, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. सवयीने मध्येच विचारायच्या, "समजलं का सगळ्यांना?" गोकुळ म्हणायचा, "हो मॅडम." त्याला सुरुवातीला हसू यायचं. नंतर येईनासं झालं.

पुस्तकं मराठीत होती आणि तीच त्याला जड जायची. डिप्लोमा इंग्रजीतून झालेला. मराठीत परिच्छेद लिहिला होता तो दहावीत. ज्याला कारखान्यात सगळे मोटिव्हेशन म्हणतात, ज्याची पोस्टरं कँटीनच्या भिंतीवर लावतात, त्याला पुस्तकात 'अभिप्रेरण' म्हटलं होतं. स्वाध्याय लिहिताना बोटं आखडायची. पाना धरणाऱ्या हाताला पेन धरवत नाही, याची त्याला लाज वाटायची. मॅडमनी एकदा त्याची वही पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, "अक्षर मोठं काढा. मोठं असलं की हात सैल राहतो."

माणसाच्या गरजांचा धडा आला तेव्हा त्यांनी फळ्यावर उतरंड काढली, एकावर एक पाच मडकी. सगळ्यांत खाली अन्न, वस्त्र, निवारा. त्यावर सुरक्षितता. मग जिव्हाळा, मग मान, सगळ्यांत वर स्वतःचं सार्थक.

गोकुळने हात वर केला. वर्गात तो एकटाच होता तरी हात वर करायचा.

"मॅडम, बोलायला कुणी नसणं हे कितव्या मडक्यात?"

त्या फळ्याकडे बघत राहिल्या. "तिसऱ्या," म्हणाल्या.

"मला वाटलं खालच्या."

"पुस्तकात तिसऱ्या आहे," त्या म्हणाल्या. "परीक्षेत तेच लिहा."

त्यांच्यात याहून जास्त खाजगी बोलणं कधी झालं नाही. तास संपला की त्या रिक्षाने जायच्या. तो एकदा म्हणाला, "गाडीवर सोडतो." त्या म्हणाल्या, "नको, रिक्षा मिळते." त्याने पुन्हा विचारलं नाही. पण शनिवारी कामावरून परतताना त्याला बरं वाटायचं, आणि का वाटतंय ते त्याला माहीत असायचं.

दुसऱ्या वर्षी 'प्रत्यायोजन' आलं. गोकुळला तो शब्द तीनदा वाचूनही उच्चारता येईना.

"तुम्ही स्वाध्यायात लिहिलंय ना, साहेब तुम्हाला शिफ्टचा तक्ता करायला सांगतात? ते प्रत्यायोजन," मॅडम म्हणाल्या. "आपलं काम खालच्याकडे सोपवायचं."

"पण सही त्यांची असते."

"म्हणजे काम दिलं, अधिकार दिला नाही. मग ते अर्धंच झालं. चुकलं तर बोलणी कोण खातं?"

"मी."

"आणि नीट झालं तर?"

गोकुळने तो प्रश्न वहीत लिहून घेतला. मॅडम पुढच्या मुद्द्याकडे वळल्या.

सोमवारी तो केयूरकडे गेला. "साहेब, तक्त्याच्या खाली माझं नाव टाकलं तर चालेल का? तयार केला म्हणून."

केयूर गोरामोरा झाला. "अरे, हो. हे माझ्या लक्षातच आलं नाही. आजपासून टाका." आणि त्या आठवड्यापासून नोटीस बोर्डावरच्या तक्त्याखाली टाईप केलेलं दिसू लागलं: तयार करणार, गो. ब. शेजूळ. पहिल्या दिवशी गोकुळ दोनदा बोर्डापुढून गेला.

पण त्या नावाने दुसरंही काही झालं. खात्यात सुदर्शन नावाचा फिटर होता. अकरा वर्षं दोघं एका टेबलावर जेवायचे. सुदर्शनच्या घरून आलेली भाजी अर्धी गोकुळच्या डब्यात जायची, कारण गोकुळच्या डब्यात बहुतेक वेळा नुसती खिचडी असायची. मे महिन्यात सुदर्शनच्या मेव्हण्याचं लग्न वैजापूरला होतं. नेमके त्याच आठवड्यात दोन जण आजारी पडले. गोकुळने सगळी मांडणी चार वेळा केली. जमलं नाही. सुदर्शनला लग्नाच्या दिवशी दुसऱ्या पाळीला यावं लागलं.

"तू टाकलंस मला," सुदर्शन म्हणाला.

"दुसरं मानूस नव्हतं. तू सांग, कुणाला टाकू?"

"ते मला नाय माहीत. आधी साहेब टाकायचा, तर म्हनायचो, साहेब हाय, त्याला काय कळतंय. तू टाकलंस. आता खाली तुझं नाव हाय."

दुसऱ्या दिवसापासून सुदर्शन दुसऱ्या टेबलावर बसायला लागला. भांडण नव्हतं. समोर आला की "काय, बरंय का" म्हणायचा. पण जेवायचा तिकडं. हळूहळू बाकीचेही गोकुळला रजेचं विचारण्यापुरते भेटू लागले. तो जवळ आला की गप्पा थांबायच्या. पुस्तकात औपचारिक आणि अनौपचारिक गटांवर एक घटक होता, आणि गोकुळला तो न शिकवता समजला.

हे सगळं रविवारी मॅडमना सांगायचं त्याने ठरवलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो वर्गाच्या बाहेरचं काहीतरी सांगणार होता. त्या रविवारी मॅडम आल्या नाहीत. तो एक वाजेपर्यंत बसला. पुढच्या रविवारीही आल्या नाहीत. त्याच्याकडे त्यांचा नंबर नव्हता. कधी मागितलाच नव्हता.

"पडल्या म्हनं घरात," कचरू म्हणाला. "आता केंद्र काय दुसरं मानूस देनार नाय. एकासाठी कोन देतंय?" पत्ता मात्र त्याने रजिस्टरमधून शोधून दिला.

गोकुळ डझनभर केळी घेऊन समर्थनगरात गेला. पहिल्या मजल्यावर बेल वाजवली. चाळिशीतल्या एका बाईने दार उघडलं. ती मॅडमची मुलगी, नीरजा. पुण्याहून आलेली.

"देऊळगावकर मॅडम इथंच राहतात का? मी त्यांचा विद्यार्थी."

तिने त्याच्याकडे, मग केळ्यांकडे पाहिलं. "आईला रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. कसले विद्यार्थी?"

"रविवारचा वर्ग असतो. दहा ते एक."

"रविवारी ती भिशीला जाते. मैत्रिणींच्या."

तेवढ्यात आतून आवाज आला, "शेजूळ आलेत का? येऊ दे गं."

मॅडम पलंगावर होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. वर्गात एवढ्या उंच वाटायच्या, इथं लहान दिसत होत्या. नीरजा दारातच उभी राहिली. "आई, हे वर्ग म्हणतायत."

"हो. वर्गच." मॅडम छताकडे बघत म्हणाल्या. "भिशीत आम्ही नऊ जणी होतो. काही गेल्या, काही मुलांकडे गेल्या. तीन वर्षं झाली भिशी मोडून. तू फोनवर विचारायचीस, रविवारी काय केलंस. तुला काळजी नको म्हणून सांगत राहिले."

नीरजा आत गेली. स्वयंपाकघरातून चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"कोणता घटक राहिला?" मॅडमनी विचारलं.

"नियंत्रण. चौथा."

"वही काढा."

त्यांनी वीस मिनिटं शिकवलं. मध्ये कळ आली की थांबायच्या आणि पुन्हा तिथूनच सुरू करायच्या. नीरजा चहाचे कप घेऊन आली आणि ते हातात धरून तशीच उभी राहिली. सुदर्शनचं काही गोकुळने सांगितलं नाही. ती वेळ नव्हती.

निघताना नीरजा जिन्यापर्यंत आली. "मी आईला पुण्याला नेतेय. हे घर भाड्याने देणार." मग म्हणाली, "तुम्ही फोन करत जा रविवारी. तिला बरं वाटेल." तिने नंबर दिला.

त्याने फोन केला. पाच-सहा रविवार बरोबर दहा वाजता केला. पण मॅडमना फोनवर ऐकू येत नसे. "काय? मोठ्याने बोला." गोकुळ खोलीत उभा राहून मार्केटिंगच्या घटकाचं नाव ओरडायचा, "विपणन, मॅडम! वि-प-ण-न!" एकदा शेजारच्या खोलीतला माणूस दार वाजवून विचारून गेला, सगळं ठीक आहे ना. मॅडमना उलट बोलता यायचं, पण त्याने विचारलेलं पोहोचायचं नाही. त्या अंदाजाने उत्तर द्यायच्या, बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रश्नाचं. तो म्हणायचा, "हो मॅडम, समजलं." एका रविवारी फोन कुणी उचलला नाही. पुढच्या रविवारी त्याने केला नाही.

तिसरं वर्ष त्याने खोलीवर एकट्याने वाचून काढलं. केंद्रावर जाणं सोडलं. सकाळच्या पाळीहून आला की डाळ-भात लावायचा आणि कुकर होईपर्यंत मोठ्याने वाचायचा. मनात वाचलं की डोळे पुढं जायचे आणि अर्थ मागं राहायचा. केयूर या काळात नोकरी सोडून बंगळुरूला गेला. जाताना गोकुळचा हात हातात घेऊन म्हणाला, "परीक्षा सोडू नका." त्याच्या जागी आलेल्या साहेबाला गोकुळ शिकतोय हे माहीतच नव्हतं.

परीक्षेला त्याच्या पुढं-मागं पोरं होती. शेवटचा पेपर देऊन सगळी पायऱ्यांवर जमून फोटो काढत होती. एका मुलीने फोन त्याच्या हातात दिला, "सर, आमचा काढता का?" त्याने तीन काढले, एक तरी चांगला येईल म्हणून.

निकाल जूनमध्ये लागला, कँटीनमध्ये जेवताना फोनवर दिसला. दुसरा वर्ग, एकावन्न टक्के. त्याने फोन पालथा ठेवला आणि राहिलेला भात खाल्ला. आजूबाजूला पंचवीसेक माणसं होती. सुदर्शन तीन टेबलं पलीकडे होता. गोकुळ ताट घेऊन उठला आणि त्याच्या टेबलापाशी थांबला.

"सुदर्शन, पास झालो मी. डिग्री."

सुदर्शनने घास खाली ठेवला. "खरं? लई भारी झालं." तो मनापासून म्हणाला. मग पाण्याचा घोट घेतला. "आता वर जाशील मंग. ऑफिसात."

"बघू."

"जाशील," सुदर्शन म्हणाला आणि बाजूला सरकून जागा केली. पण गोकुळचं जेवण झालं होतं आणि भोंगाही झाला.

संध्याकाळी त्याने पुण्याला फोन लावला. नीरजाने उचलला. "थांबा, मी तिला लिहून दाखवते. तिला आता तसंच सांगावं लागतं." फोन बाजूला ठेवल्याचं त्याला ऐकू आलं. कागदाची सळसळ झाली. मग मॅडमचा आवाज आला, थकलेला, पण वाचायची लय तीच. "शेजूळ पास. एकावन्न." मग त्यांनी विचारलं, "कोणत्या विषयात कमी पडले? विचार गं त्यांना."

"सांख्यिकीत," गोकुळ म्हणाला.

नीरजाने लिहून दाखवलं असावं. "ते मी शिकवलं नाही," मॅडम म्हणाल्या. "ते शिकवायचं राहिलं." नीरजा फोनवर येऊन म्हणाली, "खूश झालीय ती. डोळे पुसतेय." त्याने आभार मानले. आणखी काही सांगायचं होतं, पण ते लिहून दाखवण्यासारखं नव्हतं.

दिवाळीनंतर प्लॅनिंगमध्ये जागा निघाली आणि ती त्याला मिळाली. आता तो वरच्या मजल्यावर बसतो. खाली मशीन चालू असलं की वर जमिनीत बारीक थरथर जाणवते. कोणतं मशीन आहे ते त्याला बसल्या जागी कळतं, पण ते त्याने तिथं कुणाला सांगितलेलं नाही. ऑफिसातली माणसं एकमेकांशी इंग्रजी-हिंदीत बोलतात. त्याच्याशी मराठीत, जपून. कामात त्याला कुणी नावं ठेवत नाही.

पदवीचं प्रमाणपत्र आलं तेव्हा तो ते घेऊन गावी गेला. गंगापूरला जीपने, पुढं भावाच्या मोटारसायकलवर. भाऊ त्याला दारात उतरवून शेताकडे गेला; घरातली बाकी सगळी कापसाच्या वेचणीला गेलेली होती. वच्छलाबाई एकटीच दारात बसली होती. त्याने पिशवीतून प्रमाणपत्र काढून तिच्या मांडीवर ठेवलं. तिने बोट फिरवलं.

"काय लिव्हलंय?"

त्याने वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. शब्द अवघड होते, पण त्याने एकही चुकवला नाही. वच्छलाबाई त्याच्या तोंडाकडं बघत ऐकत होती.

"हे तुला कुनी शिकवलं?"

"एक मॅडम होत्या."

"त्यांना दाखिवलं का?"

"त्या पुण्याला असतात. आजारी हायेत त्या."

"मंग जाऊन दाखीव की. पुनं काय लांब हाय का?" तिने प्रमाणपत्र पदराने पुसून त्याच्याकडे दिलं. "जेवला का तू?"

"नाय."

ती गुडघ्यावर हात देऊन उठली आणि भाकरी थापायला आत गेली. गोकुळ दारातल्या तिच्या जागेवर बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ऑफिस होतं, म्हणून त्याला शेवटची जीप धरायची होती. तोवर तीन तास होते. आत पिठाच्या डब्याचं झाकण वाजलं, आणि आईने तिथूनच विचारायला सुरुवात केली, त्या मॅडम कशा दिसायच्या, त्यांना लेकरं किती, त्या कुठल्या गावच्या. बरंच त्याला ठाऊक नव्हतं. जे ठाऊक होतं ते तो सांगत गेला.